टोपी डोक्यावर राहायला हवी

आईबाबांनो, होळी झाली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "टोपी घालून जा रे!" लेकरू टोपी घालून दारातून निघतं, कोपऱ्यावर वळतं आणि ती काढून दप्तरात कोंबतं. संध्याकाळी दप्तरातून चुरगळलेली टोपी निघाली की आपण रागावतो. "अजिबात ऐकत नाही हो," असं शाळेत येऊन सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये इतकी वर्षं वावरल्यावर मला मात्र याबाबतीत लेकरांची बाजू घ्यावीशी वाटते. टोपी काढून टाकणारं मूल बहुतेक वेळा हट्ट करत नसतं. ती टोपी त्याच्या कपाळाला आवळत असते, कानाला टोचत असते, धावताना डोळ्यांवर येत असते, नाहीतर आत डोकं उकडून निघत असतं. हे सगळं नीट सांगायला सहा वर्षांच्या जिवाजवळ शब्द कुठून असणार? ते टोपी काढतं, एवढंच त्याला जमतं. म्हणून आज त्या टोपीविषयीच बोलू.

आपलं ऊन साधं नाही. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला तेव्हा देशभर बातमी झाली. ब्रह्मपुरीचं नावही उन्हाळ्यात सर्वांत तापलेल्या पाच-दहा गावांत असतंच. पण पेपरात छापून येतो तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो आणि उघड्यावर उभं राहिल्यावर अंगावर येणारी धग त्या आकड्यात धरलेली नसते. डांबरी रस्ता तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि पहिलीतल्या लेकराचं डोकं आपल्या डोक्यापेक्षा त्या रस्त्याच्या दीड-दोन फूट जवळ असतं. आपल्याला "आज जरा जास्तच आहे" असं वाटतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खालूनही वाफ येत असते.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. खरी गोम तिथेच आहे. लेकरू सकाळी सातला गारव्यात जातं म्हणून टोपी घरी खुंटीलाच राहते. शाळा सुटते साडेअकराच्या सुमारास, ऊन मी म्हणत असतं तेव्हा, आणि परतीच्या वाटेवर डोक्यावर काहीच नसतं. २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक लावून परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या गेल्या. तेव्हा विदर्भातून ओरड झाली, आणि ती रास्तच होती. जूनमध्येही आपल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर उघडतात, त्याला कारण हेच ऊन. म्हणून टोपी सकाळीच दप्तरात गेली पाहिजे, बाहेर कितीही गार वाटो.

आता माप. दुकानात टोपीवर "३ ते ६ वर्षे" असं लिहिलेलं असतं, नाहीतर "फ्री साइझ". यातलं काहीही तुमच्या लेकराच्या डोक्याबद्दल सांगत नाही. जन्मल्यावर बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, वर्षाचं होईपर्यंत तो ४५-४६ होतो. म्हणजे पहिल्या एकाच वर्षात दहा-अकरा सेंटिमीटरची वाढ. दुसऱ्या वर्षी वाढ दोन-एक सेंटिमीटरवर येते आणि पुढे ती हळूहळूच होत राहते. पाच वर्षांचं डोकं पन्नाशीच्या आसपास असतं. पण ही झाली सरासरी. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घेरात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज असतो, आणि टोपीत तेवढा फरक म्हणजे एकाला कपाळावर वळ आणि दुसऱ्याला नाकावर टोपी.

शिलाईच्या पेटीतली मापाची टेप घ्या. नसेल तर नाडा चालतो, तो मग पट्टीवर धरून मोजायचा. टेप भुवयांच्या वर एक बोट ठेवून कपाळावरून न्या, कानांच्या जरा वरून मागे, आणि डोक्याचा मागचा फुगीर भाग जिथे सर्वांत बाहेर आलेला असतो तिथून फिरवून परत कपाळावर आणा. घट्ट ओढू नका. जो आकडा येईल त्यात एक-दीड सेंटिमीटर मिळवा. टोपीच्या आतला घेर तेवढा हवा. मुलीच्या दोन वेण्या असतील तर रोजच्यासारख्या घालूनच मोजा. उंच बांधलेल्या पोनीवर कुठलीच टोपी बसत नाही, उन्हाळ्यात वेणी मानेवर खाली घातलेली बरी. आणि जावळ काढल्यावर किंवा उन्हाळा म्हणून पोराचं टक्कल केल्यावर पुन्हा मोजा. आपल्याकडे मे महिन्यात मुलगे सर्रास तासून आणतात. केस गेले की कालची टोपी आज ढिली होते, आणि नेमकं तेव्हाच उघड्या टाळूला तिची सर्वांत जास्त गरज असते.

"पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठी टोपी घेण्याचा मोह मला कळतो. शर्ट मोठा घेतला तर बाह्या दुमडता येतात. मोठी टोपी मात्र डोळ्यांवर येते, पोरगं ती मागे ढकलतं, कपाळ उघडं पडतं, वारा आला की टोपी नालीत. काटकसर करायचीच तर मागे नाडी किंवा चिकटपट्टी असलेली, घेर कमीजास्त करता येणारी टोपी घ्या; ती दोन उन्हाळे निघते.

दुकानात लेकराला सोबत न्या. त्याच्या डोक्यावर टोपी ठेवा आणि त्याला चपलेचा पट्टा लावायला सांगा. वाकल्यावर टोपी पडली तर ढिली. मग दुकानाबाहेरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघायला लावा. मागची कड मानेला अडून टोपी पुढे सरकत असेल तर ती कड जास्त ताठ आहे. मान डावी-उजवीकडे वळवायला सांगा. डोकं फिरतंय आणि टोपी जागच्या जागी, असं झालं तर तिच्या आत हवा जास्त आहे. थोडा वेळ तशीच राहू द्या आणि काढून कपाळ बघा. लाल रेघ उमटली असेल तर ती टोपी ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो. शेवटी टोपी उलटी करा आणि आतून आपला हात फिरवा. कपाळाशी येणारी पट्टी मऊ सुती आहे की नायलॉनची? शिवणीचा जाड गोळा कुठे येतो? कंपनीचा कडक कागदी बिल्ला मागे टोचतो का? तो घरी आल्या आल्या उसवून टाकला तरी निम्मी भांडणं मिटतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

रंग लेकराला निवडू द्या. फिका असावा एवढी अट तुम्ही घाला. पांढरा, बदामी, आकाशी, त्यातला त्याला आवडेल तो. स्वतः निवडलेली वस्तू मुलं जपतात. आत नाव मात्र शिवा किंवा पक्क्या शाईने लिहा. टोप्यांची अदलाबदल झाली आणि वर्गात उवा निघाल्या की मग पुन्हा टोपीलाच दोष येतो.

आकाराबद्दल मी थोडी आग्रही आहे. पोरांना क्रिकेटची टोपी हवी असते. तिची चोच कपाळ आणि नाक झाकते. कान, गाल आणि मान उघडेच. उन्हाने मान पोळलेली मुलं शाळेत दर एप्रिलला दिसतात, त्यातली बरीच क्रिकेटच्या टोपीवाली. चारही बाजूंनी कड असलेली गोल टोपी हवी, आणि लहानांना ती कड निदान आपल्या तीन बोटांइतकी रुंद असावी, म्हणजे पाच सेंटिमीटर. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आणखी एखादा सेंटिमीटर. ऑस्ट्रेलियात याचा फार बारकाईने विचार झाला आहे. तिथे त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं, म्हणून १९८१ पासून शर्ट, मलम आणि टोपी यांचा प्रचार सुरू झाला, आणि बहुतेक प्राथमिक शाळांमध्ये टोपी नसेल तर मैदानात खेळायचं नाही, सावलीत बसायचं, हा नियमच आहे. त्यांची काळजी त्वचेची आणि आपली मुख्यतः उष्माघाताची, हे खरं. पण गोल कड, झाकलेले कान आणि मान, हे दोन्हीकडे सारखंच उपयोगाचं.

कापड सुती, विणीला दाट. टोपी उजेडासमोर धरा. आरपार लख्ख दिसत असेल तर ऊनही तसंच आत येणार. जाड पॉलिस्टर, आत फोम, वर प्लास्टिकचं चित्र, असली टोपी आपल्या उन्हाळ्यात घालू नये. ताडोब्याच्या वाटेवर वाघाच्या चित्राच्या छान टोप्या मिळतात, मुलं त्यासाठी हटून बसतात. घ्यायला हरकत नाही, पण आधी कापड बघा. त्याचं कारण समजून घ्या. आपलं अंग ३७ अंशांचं. बाहेरची हवा ४५ ची असली की हवेतून गरमी अंगात शिरते, बाहेर जायला तिला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळणं. टोपीने घाम वाळू दिला नाही तर तिची सावली अर्धी वाया गेली. म्हणून डोक्यावर थोडी पोकळी, बाजूला बारीक जाळीची भोकं आणि घाम टिपणारं सुती कापड.

यातच आपल्या दुपट्ट्याचं शहाणपण आहे. चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला येणारी माणसं बघा, शेतावर जाणारी बघा, डोक्याला आणि कानांना पांढरं सुती कापड गुंडाळलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते. दुपट्टा ओला करून पिळून बांधला तर तो वाळता वाळता डोकं गार ठेवतो. म्हणून ज्या मुलाला कुठलीच टोपी सोसत नाही, त्याला मऊ जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा बांधायला शिकवा, आणि शक्य तर त्यावर सैल टोपी. जूनमध्ये ढग येऊन दमट झालं की ओल्या कापडाची ही किमया कमी होते. तेव्हा कापड कोरडंच ठेवा.

मोटारसायकलवर मात्र दोन्ही बेभरवशाची. टोपी उडते आणि ती पकडायला मूल हात सोडतं. दुपट्ट्याचं टोक सुटून चाकात जातं. टोकं नेहमी शर्टाच्या आत खोचा. आणि चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे; त्याच्या आत पातळ सुती रुमाल बांधला की घाम टिपला जातो. तीन वर्षांखालच्या बाळाच्या टोपीला हनुवटीखाली घट्ट दोरी नकोच. झोळीत, पाळण्यात, खेळताना ती कशालाही अडकून गळ्याला बसू शकते. ओढलं की सुटेल अशी चिकटपट्टी लावून घ्या.

तान्ह्या बाळांच्या आयांशी जरा वेगळं बोलायचं आहे. आपल्याकडे बाळाला टोपडं घातल्याशिवाय बाहेर काढत नाहीत, आणि त्यामागे खरी समज आहे. शरीराच्या एकूण त्वचेपैकी मोठ्या माणसाच्या डोक्याचा आणि मानेचा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास असतो, तान्ह्या बाळात तो १८ च्या आसपास. डोकं उघडं राहिलं की बाळ झपाट्याने गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यात बाळाला ऊब देणं, टोपी, उबदार पिशवी, यांना मोठं स्थान होतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तेव्हा नवजात बाळाचं, विशेषतः कमी वजनाच्या बाळाचं टोपडं, आरोग्यसेविकेला विचारल्याशिवाय काढू नका.

पण चार-सहा महिन्यांचं, चांगलं बाळसं धरलेलं बाळ मे महिन्याच्या दुपारी घरात टोपडं आणि दुपट्यात गुंडाळून ठेवलं, तर ज्या मोठ्या डोक्यातून त्याची गरमी बाहेर पडायची तेच आपण झाकून टाकतो. टिनाच्या छपराखाली तर खोलीच भट्टी झालेली असते. बाळ लाल होतं, किरकिरतं, अंग तापतं आणि आपण ताप समजून आणखी पांघरूण घालतो. आजीला दुखावू नका, पण घरात आणि झोपताना टोपडं काढून ठेवा. पातळ झबलं पुरे. बाहेर नेताना सुती टोपडं, तेही सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. अंगावर जास्त वेळा घ्या आणि तुम्ही स्वतः पाणी भरपूर प्या.

आता जंगलाकाठच्या घरांविषयी. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाचा, तरी एप्रिल-मेमध्ये तिथे सावली असते असं समजू नका. साग पानगळीचा, उन्हाळ्यात तो उघडाबोडका उभा असतो. मोहफुलं वेचायला पहाटे जाताना लेकरं सोबत असतात, तेंदूच्या हंगामातही पानं तोडायला आणि पुडे बांधायला घरातले लहान हात लागतात. हा काही हौसेचा प्रश्न नाही. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर वर्षाची बरीच गणितं अवलंबून असतात, हे मला माहीत आहे. म्हणून "मुलांना नेऊच नका" असं मी वरवर म्हणणार नाही. पण न्यायचंच तर दुपट्टा कानांवर आवळून बांधू नका आणि कड डोळ्यांच्या बाजूला खाली आलेली टोपी देऊ नका. जंगलात लेकराला ऐकू आलं पाहिजे, बाजूला हललेलं दिसलं पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी जीव गेला. अशा रानात ताठ, पुढे-मागे आडवी राहणारी कड बरी, कान मोकळे. आणि दहाच्या आत लेकरू घरी. मान झाकायला शर्टाची कॉलर उभी केली तरी चालते.

अशी ताठ टोपी बांबूची छान होते. आसामात शेतकरी बांबू आणि ताडाच्या पानांची जापी घालून शेतात उभे असतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बांबू आहे, सुपं-टोपल्या विणणारे बुरुड कारागीर आहेत, चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. घेराचं माप घेऊन गेलात तर टोपली विणणारा हात टोपीही विणेल. विण घट्ट मागा, कडा घासून घ्या म्हणजे टोचणार नाही, आणि आतून सुती पट्टी घरी शिवा. दप्तरात मात्र ती मावत नाही, त्यामुळे शाळेसाठी कापडाचीच.

एक गोष्ट टोपी घेताना विसरायची नाही. टोपी फक्त ऊन अडवते. तापलेली हवा ती गार करत नाही. टोपी आहे म्हणून दुपारी एकला मैदानावर खेळायला सोडलं, असं होऊ नये. पाणी लागतंच, पन्हं द्या, ताक द्या, जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस द्या. ज्या घरात सिकलसेलचं मूल आहे त्या आईबाबांना तर मी हात जोडून सांगते, कारण आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्या मुलाचं दुखणं उफाळून येतं. त्याच्या दप्तरात टोपीआधी पाण्याची बाटली, आणि ती वर्गात केव्हाही प्यायची मुभा बाईंकडून मागून घ्या, संकोचू नका. कुठलंही मूल उन्हातून येऊन बरळू लागलं, गुंगीत गेलं, झटका आला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. गुंगीत असताना तोंडात काही घालू नका, आणि या तापाला तापाच्या गोळीने उतार पडत नाही.

शाळेच्या गणवेशात आपल्याकडे टोपी नाही. म्हणून काही शिक्षक ती वर्गाबाहेरही घालू देत नाहीत, परिपाठाला उघड्या डोक्याने उभं करतात. हे बदलणं आपल्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या बैठकीत विषय मांडा: परिपाठ सावलीत, मैदानावर टोपीला परवानगी, सुटताना प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी आहे की नाही हे फाटकाशी बघायचं. गावातल्या बचतगटाच्या ताई कापड आणून मापाप्रमाणे टोप्या शिवू शकतात. सहा पाकळ्या आणि एक गोल कड, यापलीकडे त्यात काही नाही. वर्गातल्या मुलांचे घेर आम्ही शिक्षक मोजून देऊ. गणिताच्या तासाला मुलांनीच एकमेकांचे मोजले तर आणखी छान, त्यांना मोजमापही येईल.

आणि हे सगळं होळीच्या आधी उरकायचं. नवी टोपी पहिल्याच दिवशी ४५ अंशांत घालायला लावली तर कोणतंही मूल ती फेकेल. फेब्रुवारीत, ऊन कोवळं असताना, अंगणात खेळताना थोडा थोडा वेळ घालू द्या, तुम्हीही घाला. घामाने कडक झालेली पट्टी दर दोन दिवसांनी साबणाने धुवा, सावलीत वाळवा. तेलाचे डाग राहिले तर राहू देत.